पिठाची विरी आणि ज्वारीची भाकरी

भाकरी थापताना तुटली की बहुतेक जण हाताला दोष देतात. ‘माझ्या हाताला ते वळणच नाही’ म्हणायचं आणि कणीक भिजवायला घ्यायची, असं पुण्यातल्या किती तरी स्वयंपाकघरांत चालतं. हाताचं वळण लागतंच, पण ते नंतर. बहुतेक वेळा भाकरी परातीत येण्याआधीच बिघडलेली असते. कधी गिरणीत, कधी पिठाच्या डब्यात, कधी पाणी पुरेसं तापलं नाही म्हणून. उत्तम थापणारीच्या हातातही महिनाभर जुनं पीठ दिलं तर भाकरीच्या कडा फाटतातच.

जुन्या बायका यासाठी एक नेमका शब्द वापरतात: विरी. पिठात असलेला चिकटपणा, गोळा धरून ठेवण्याची ताकद म्हणजे विरी. ‘पिठाची विरी गेली’ म्हणजे पीठ खराब झालं असं नाही, ते खायला चांगलं असतं, पण थापायला उपयोगाचं राहिलेलं नसतं. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, आणि तो गेल्यामुळे लोक चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतात.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. कणीक तिंबली की त्याचे धागे एकमेकांत गुंततात, म्हणून पोळी ताणता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. ज्वारीचा गोळा कितीही मळला तरी तो रबरासारखा ताणला जाणार नाही. तो एकत्र राहतो तो दोन गोष्टींवर: बारीक दळलेल्या पिठाने नीट शोषलेलं पाणी, आणि गरम पाण्याने फुलून चिकट झालेला स्टार्च. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास फुलायला लागतो. कोमट पाणी म्हणून जे आपण घेतो ते ४०-४५ अंशांचं असतं, त्याने काहीच होत नाही. पाणी उकळतं हवं. पाककृतींत ‘कोमट पाण्याने भिजवा’ असं लिहिलेलं असतं ते ताज्या पिठाला चालतं, कारण ताज्या पिठाला थंड पाणीही चालतं. पीठ पंधरा दिवसांचं असेल तर कोमट पाण्याचा काडीचा उपयोग नाही.

आता पिठाच्याही मागे जाऊ, दाण्याकडे.

पुण्यात चांगली ज्वारी मिळण्याची अडचण नाही. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात सोलापूर, बार्शी, नगर, जामखेड या भागांतला माल येतो आणि तिथून पेठांतल्या, उपनगरांतल्या किराणा दुकानांत जातो. घ्यायची ती रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली. दाणा भरताना पाऊस नसतो, त्यामुळे तो पांढरा, टपोरा आणि तुकतुकीत राहतो. खरीपाच्या संकरित ज्वारीचा दाणा भरतानाच पावसात सापडला तर बुरशी लागून काळा पडतो. पीठ करडं होतं, चव सपाट लागते आणि भाकरीला उग्र वास येतो. स्वस्त मिळते म्हणून ही ज्वारी भाकरीसाठी घेऊ नये.

दुकानात ‘मालदांडी’ अशी पाटी जवळजवळ प्रत्येक पोत्यावर असते. मालदांडी ३५-१ हा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला वाण, आणि भाकरीची चव मोजायची तर आजही त्याच्याशीच ताडून बघतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले फुले वसुधा, फुले रेवती हे वाणही भाकरीला चांगले. पण पोत्यावरच्या पाटीपेक्षा दाणा हातात घेऊन बघावा. मूठभर ज्वारी तळहातावर पसरायची. दाणे एकसारखे गोल, मोत्यासारखी चमक, काळे ठिपके नाहीत. दोन दाणे दाताखाली फोडायचे. कडक फुटले पाहिजेत आणि चावत राहिलं की किंचित गोड लागले पाहिजेत. मऊ लागले तर ओल आहे, आणि ओला दाणा दळला की पीठ जातं चिकटून आणि डब्यात लवकर बिघडतं. वर्षाचं धान्य भरणाऱ्यांनी मार्च अखेर ते मे या काळात नवी ज्वारी घ्यावी, दोन कडक उन्हं द्यावीत, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी आणि मध्ये सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. ऊन दिलेलं धान्य गरम असतानाच झाकलं तर आत वाफ धरते आणि सोंड्यांना आमंत्रणच मिळतं.

ज्वारी धुवायची गरज नसते. पाखडून, निवडून, खडे आणि बोंडाचे तुकडे काढले की पुरे. धुतलीच तर दोन दिवस पूर्ण वाळेपर्यंत दळायला नेऊ नये.

दळण हा भाकरीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. भाकरीचं पीठ गव्हापेक्षाही बारीक हवं. चिमटीत घेऊन चोळलं तर कुठेही रवाळ लागता कामा नये. भरड कण पाणी सावकाश शोषतात. मळताना गोळा छान वाटतो, आणि थापायला घेतला की तेच कण आजूबाजूचं पाणी ओढून घेतात. भाकरी डोळ्यांदेखत कोरडी पडते आणि फाटते. गिरणीत ‘भाकरीचं आहे, बारीक द्या’ एवढं सांगावंच. आधी कशाचं दळण झालंय तेही विचारावं. हरभरा डाळीच्या किंवा गव्हाच्या मागे ज्वारी टाकली तर पहिलं अर्धा-पाऊण किलो पीठ मिसळीचं येतं. चवीत फरक पडतो, आणि घरात ग्लुटेनचं पथ्य असलेलं कुणी असेल तर हा प्रश्न चवीचा राहत नाही. त्या घराने गिरणीवर अवलंबून राहूच नये. घरघंटी घ्यावी आणि ती फक्त ज्वारी-बाजरी-तांदळासाठी ठेवावी. घरघंटीत सर्वांत बारीक छिद्रांची जाळी लावायची.

गिरणीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर झाकणाच्या आतून पाणी धरतं, गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात आठवड्यात पिठाला जाळी लागते. घरी आणल्यावर परातीत किंवा कागदावर पसरून अर्धा तास गार होऊ द्यायचं आणि मग भरायचं. एवढ्याशा सवयीने पीठ चार-पाच दिवस जास्त टिकतं.

किती दिवसांचं पीठ दळावं? माझं ठाम मत आहे की जास्तीत जास्त दहा दिवसांचं. दाणा अख्खा असतो तोवर त्यातलं तेल कोंबात सुरक्षित असतं. दळलं की ते हवेशी येतं आणि पीठ हळूहळू खवट व्हायला लागतं, आणि विरी तर त्याच्याही आधी उतरते. ताज्या पिठाची भाकरी नुसत्या थंड पाण्यावरही थापता येते. आठ-दहा दिवसांनी उकळत्या पाण्याची मदत लागते. तीन आठवडे उलटले की उकड काढल्याशिवाय गत नाही. पावसाळ्यात हे सगळे आकडे आणखी खाली येतात. चार माणसांचं घर एका वेळी भाकरी खात असेल तर दोन किलोचं दळण पुरतं. पाच-सहा किलो एकदम दळून आणणं सोयीचं वाटतं, पण त्यातला निम्मा काळ विरी गेलेल्या पिठाशी झगडण्यात जातो. मॉलमधल्या तयार पिठाच्या पिशव्यांवर दळल्याची किंवा भरल्याची तारीख बघावी. महिन्याची असली तर घरी आणल्या दिवसापासूनच तिला जुनं पीठ समजून वागवायचं.

विरी आहे की नाही हे तपासायला दोन चमचे पीठ तळहातावर घ्यायचं, चमचा-दीड चमचा थंड पाणी घालून अंगठ्याने अर्धा मिनिट रगडायचं आणि लहानशी टिकली करून ती कडेने वाकवायची. वाकली आणि भेग पडली नाही, तर पीठ ताजं आहे. भेगाळली तर उकळतं पाणी घ्यायचं. वाकवताच दोन तुकडे झाले तर उकड. या तपासणीला मिनिटही लागत नाही आणि पुढचा सगळा त्रास वाचतो.

आता मळणं. चार भाकऱ्यांसाठी २६० ग्रॅम पीठ घ्या. थापताना भुरभुरायला ३०-४० ग्रॅम वेगळं काढून ठेवा. एका भाकरीला साधारण ६५ ग्रॅम पीठ लागतं, त्यातून आठ इंची, ना जाड ना पातळ अशी भाकरी होते. पाणी पिठाच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के लागतं, म्हणजे इथे २१० ते २३० मिलिलिटर. त्यातलं १३० मिलिलिटर खळखळ उकळवायचं. परातीत पिठाचं आळं करायचं, मधोमध ते पाणी ओतायचं आणि उलथन्याच्या टोकाने फिरवून घ्यायचं. सगळं पीठ भिजणार नाही, भिजायला नकोच. दोन-तीन मिनिटं झाकून ठेवायचं. हात सोसेल इतकं निवलं की उरलेलं गार पाणी थोडं थोडं घेत मळायला सुरुवात.

सगळं पीठ एकदम मळून गोळे करून ठेवायचे नाहीत. एका भाकरीपुरता भाग पुढे ओढायचा, बाकीचा ओल्या फडक्याखाली ठेवायचा. ज्वारीचा मळलेला गोळा पाच मिनिटं उघडा राहिला की वरून सुकतो, आणि सुकलेली पापडी पुन्हा मळून एकजीव होत नाही. एका गोळ्याला तीन ते चार मिनिटं द्यायची. मळण्याची रीत पोळीच्या कणकेसारखी नाही. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने गोळा परातीवर पुढे रगडत न्यायचा, बोटांनी मागे गोळा करायचा, पुन्हा रगडायचा. पहिल्या मिनिटात तो खरबरीत असतो आणि परातीला चिकटतो. हात पाण्यात बुडवत राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तो परात सोडायला लागतो, रंग जरासा उजळतो आणि बोट लावलं तर लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ, गुळगुळीत लागतो. अंगठा दाबून बघायचा. खळग्याच्या कडेला भेगा पडल्या तर अजून पाणी आणि अजून रगडणं हवं आहे. बहुतेक ठिकाणी भाकरी इथेच फसते. गोळा ‘जमला’ म्हणून मळणं थांबवलं जातं. जमणं आणि मळून होणं यांत दोन मिनिटांचं अंतर आहे.

उकडीची रीत थोडी वेगळी. पिठाइतकंच पाणी मापून घ्यायचं, म्हणजे वाटीला वाटी. त्यात चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तेल घालून उकळी आणायची, पीठ घालून गॅस बंद करायचा, ढवळून सात-आठ मिनिटं झाकायचं. गरम असतानाच, हात ओला करत, सगळी उकड एकदम मळायची. हा गोळा इतका धरून राहतो की लाटण्याने लाटताही येतो. लाटलेल्या भाकरीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घरात रोज भाकरी होणं महत्त्वाचं आहे, आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला तर लाटणं हाच मार्ग आहे. फरक एवढाच, की उकडीची भाकरी गार झाल्यावर थोडी चिवट होते. ताज्या पिठाची, कमी गरम पाण्यातली भाकरी गार झाल्यावरही खुसखुशीत तुटते. म्हणून उकडीची भाकरी तव्यावरून थेट पानात वाढावी.

थापताना परातीत पिठाचा हलका थर द्यायचा, नाण्याएवढा जाड नव्हे, नुसता तळ झाकेल इतका. गोळा दोन्ही तळहातांत फिरवून चपटा करायचा आणि त्याच वेळी कडा बोटांनी गुळगुळीत करून घ्यायच्या. गोळ्याच्या कडेला असलेली बारीक भेग भाकरीच्या कडेला इंचभर चीर होऊन येते, म्हणून ती इथेच बुजवायची. मग परातीत ठेवून उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी थापायला लागायचं. दाब मधे देऊ नये, कडेच्या आत अर्ध्या इंचावर द्यावा. थापटी देताना हात किंचित उजवीकडे सरकवला की भाकरी आपोआप फिरते. ती फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली आहे. तेव्हा जोर करायचा नाही, कड उचलून चिमूटभर पीठ आत सारायचं. मध्यभाग पातळ झाला की उचलताना तिथे भोक पडतं. कड जाड राहिली की भाजताना ती कच्ची राहते आणि भाकरी फुगत नाही. जाडी सगळीकडे अडीच-तीन मिलिमीटर हवी. पितळी किंवा स्टीलच्या परातीपेक्षा लाकडी काथवटीत थापणं सोपं जातं, कारण लाकूड थोडी ओल ओढून घेतं आणि भाकरी घसरते. नवशिक्यांनी काथवट नसेल तर ओला करून पिळलेला सुती रुमाल पाटावर पसरून त्यावर थापावं. त्या भाकरीखाली पीठ लागत नाही आणि रुमालासकट उचलून तव्यावर उलटी करता येते.

उचलताना परात थोडी कलती करून भाकरी पंजावर घ्यायची, आणि तव्यावर टाकताना थापलेली बाजू खाली, पिठाची बाजू वर आली पाहिजे. एकदम सोडायची नाही. एक कड टेकवून हळूहळू पुढे अंथरायची. धपकन पडली तर खाली हवा अडकते आणि तेवढा भाग भाजला जात नाही.

तव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगलं पीठ आणि चांगला हात असूनही चुकीच्या तव्याने भाकरी वाया जाते. तवा लोखंडी किंवा बिडाचा, तीन-चार मिलिमीटर जाडीचा आणि मध्ये किंचित खोलगट. पातळ पत्र्याच्या तव्यावर ज्योतीच्या वर काळे डाग आणि बाकी कच्चं, असं होतं. नॉनस्टिक तवा भाकरीसाठी वापरू नये. भाकरीला लागणारा तवा २३०-२५० अंशांच्या घरात तापतो, आणि रिकामा तवा जोरात ठेवला तर तो त्या लेपाला सोसणाऱ्या मर्यादेपलीकडे सहज जातो. डोसे-घावन यांचा तवा वेगळा ठेवावा, कारण तेल मुरलेल्या तव्यावर भाकरीखालचा भाग तळल्यासारखा होऊन कडक पडतो. रविवार पेठेत बोहरी आळीत लोखंडी तवे वजनावर मिळतात. विकत घेताना सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघावा आणि बोटाने टिचकी मारावी. चिरलेला बिडाचा तवा बद्द वाजतो.

तवा तापला का हे बघायला चिमूटभर पीठ टाकायचं. दहा-बारा सेकंदांत ते बदामी झालं तर बरोबर. पडल्यापडल्या काळं झालं तर आच कमी करून अर्धा मिनिट थांबायचं. पांढरंच राहिलं तर अजून वेळ आहे. थंड तव्यावर टाकलेली भाकरी कातड्यासारखी होते.

भाकरी तव्यावर पडल्याबरोबर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, हाताने किंवा छोट्या फडक्याने, कडेपर्यंत, कुठेही कोरडं पीठ राहू न देता. हे पाणी शोभेचं नाही. वरचं सुटं पीठ त्याने भाकरीत मुरतं. नाही तर ते जळून कडवट लागतं. शिवाय भाकरीचा वरचा थर ओला राहिल्यामुळे खालून उष्णता येत असताना त्याला भेगा पडत नाहीत. पुढची तीस-चाळीस सेकंदं नजर हलवायची नाही. पाण्याची चकाकी गेली पण पृष्ठभाग अजून ओलसर दिसतो, त्या क्षणी उलटायची. लवकर उलटली तर ओलं पीठ तव्याला चिकटतं. उशीर झाला तर वरची बाजू उन्हाळ्यातल्या रानासारखी तडकते, त्या तड्यांतून वाफ निसटते आणि भाकरी काही केल्या फुगत नाही.

उलटल्यावर आच मध्यम. ही बाजू नीट भाजायची, मिनिट ते दीड मिनिट, मध्येच भाकरी तव्यावर गोल फिरवत. खाली बदामी ठिपके आले आणि भाकरी तव्यावरून स्वतःहून सुटली की तवा बाजूला करून पहिली, कमी भाजलेली बाजू सरळ ज्योतीवर. वीस-तीस सेकंदांत ती टम्म फुगते. दोन्ही बाजूंना पुरेसा घट्ट थर झालेला असतो, मधल्या ओलीची वाफ होते आणि ती थर वेगळे करते. ज्योतीवर एका जागी धरू नये, चिमट्याने सतत फिरवावी. इंडक्शनवर ज्योत नसते. तिथे भाकरी पुन्हा उलटून सुती कापडाच्या बोळ्याने आधी कडा आणि मग मध्य हलके दाबत न्यायचं. जिथे दाबाल त्याच्या शेजारी फुगवटा येतो, तो दाबत दाबत पुढे सरकवायचा.

सिंहगडावर चुलीवरची भाकरी ज्यांनी बसून पाहिली असेल त्यांना आठवेल, तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांसमोर चुलीच्या भिंतीला उभी टेकवून ठेवतात. त्यात धुराच्या वासापेक्षा मोठी गोष्ट घडते. कोरडी धग सगळीकडून लागून आतली उरलेली ओल निघून जाते आणि पापुद्रा कुरकुरीत राहतो. गॅसवर हे साधायला भाज्या भाजायची जाळी बारीक ज्योतीवर ठेवायची आणि फुगलेली भाकरी तिच्यावर मिनिटभर, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं, शेकायची. एका मिनिटाने एवढा फरक पडतो यावर करून बघेपर्यंत विश्वास बसत नाही.

झालेली भाकरी स्टीलच्या डब्यात, एकावर एक, झाकण लावून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. वाफ तळाशी पाणी होऊन जमते आणि खालची भाकरी लगदा होते. बांबूची दुरडी घ्यावी, पुण्यात बुरूड आळीत हवी त्या मापाची मिळते. तळाशी सुती कापड घालून भाकऱ्या पहिली पाच मिनिटं उभ्या टेकवून ठेवाव्यात आणि वाफ गेल्यावर आडव्या करून झाकाव्यात. आषाढी वारीत पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा घराघरांतून भाकऱ्यांच्या चळती जातात. तिथे भाकरी चार-सहा तासांनी खाल्ली जाणार असते. अशा वेळी ती थोडी पातळ थापायची आणि जाळीवर नेहमीपेक्षा जास्त शेकायची. दुसऱ्या दिवसापर्यंत न्यायची असेल तर दशमी करावी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं. दुधातल्या स्निग्धांशामुळे ती मऊ राहते. ताजं पीठ आणि गरम दूध असेल तर मळायला काही वेगळं करावं लागत नाही, फक्त आच मंद ठेवायची, कारण दुधातल्या साखरेमुळे डाग लवकर पडतात.

भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. गार झालेला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात भराभर कडक होतो, म्हणून फ्रिजमधली भाकरी बाहेरच्या भाकरीपेक्षा जास्त वातड लागते. ठेवायचीच असेल तर फ्रीजरमध्ये, एकेक वेगळी गुंडाळून. काढल्यावर पाण्याचा हबका मारून थेट गरम तव्यावर.

मीठ घालावं का, यावर घराघरांत मतं आहेत. ज्वारीची स्वतःची गोडी चांगली असेल तर मीठ नको, असं मला वाटतं. सोबतचा ठेचा, पिठलं, भरीत यांत मीठ भरपूर असतंच.

बाजरीबद्दल थोडक्यात. बाजरीत तेलाचा अंश ज्वारीपेक्षा जास्त असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडू होतं. पाच-सहा दिवसांपलीकडचं दळू नये, आणि कडू झालेल्या पिठाला कुठलीही युक्ती वाचवत नाही, उकडही नाही. ताजी बाजरी मात्र थंड पाण्यावरही सहज थापली जाते. ती ज्वारीपेक्षा थोडी जाड ठेवावी आणि जास्त वेळ भाजावी. भोगीला वरून तीळ लावायचे तर पाणी फिरवल्याबरोबर लावावेत, मग ते झडत नाहीत. मावळ-मुळशीकडची तांदळाची भाकरी नेहमी उकडीचीच, तिथे ताज्या-शिळ्या पिठाचा प्रश्नच येत नाही. आणि ज्वारीची विरी वारंवार कमी पडत असेल तर खानदेशातली कळण्याची युक्ती उपयोगी पडते. ज्वारी दळायला देताना किलोला मूठभर उडीद घालायचे. उडदाच्या चिकटपणाने गोळा धरून राहतो आणि चवीला एक खमंगपणा येतो. मूठभरच घालावे, जास्त झाले तर भाकरी जड होते.

उरलेली भाकरी सकाळी ताकात. हाताने बारीक कुस्करायची, ताजं आंबट नसलेलं ताक, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून दहा मिनिटं भिजू द्यायची. जाळीवर कडक शेकलेली भाकरी असेल तर पंधरा मिनिटं. कडा मऊ झाल्या पण पापुद्र्याचे तुकडे दाताखाली अजून लागतात, तेव्हा काला खायला घ्यावा.